फेटाळलेले अर्ज

चिलीमध्ये १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत चर्चच्या आश्रयाने काम करणाऱ्या वकिलांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशा मागणीचे, सुमारे ५,४०० अर्ज न्यायालयांत दाखल केले. मंजूर झाले १०. एवढे खटले हरणाऱ्या वकिलाची बार रूममध्ये काय पत राहील, हे सांगायला नको. तरीही लष्करी राजवटींतल्या मानवी हक्कांच्या लढ्याचा आढावा घ्यायला बसलं की सुरुवात या फेटाळलेल्या अर्जांपासूनच करावी लागते. बंदुकीच्या जोरावर आलेल्या सरकारच्या न्यायालयात वकिलाने उभं राहावंच का, हा प्रश्न चिलीपासून नायजेरियापर्यंत आणि ब्राझीलपासून पाकिस्तानपर्यंत पुन्हापुन्हा विचारला गेला. त्याची उत्तरं देशागणिक वेगळी निघाली आणि ती वेगळी का निघाली, यातच खरी गोम आहे.

मुळात लष्करशहा न्यायालयं बंद का करत नाहीत? रणगाडे हाताशी असताना न्यायाधीश कशाला हवेत? पण सत्ता बळकावलेल्या माणसाला सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून घ्यायची घाई असते. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ला जनरल पिनोचेत यांनी उठाव केला तो राज्यघटना वाचवतो आहोत असं सांगत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं स्वागत केलं आणि १९७४ साली न्यायालयाचे अध्यक्ष एन्रिके उर्रुतिया मान्सानो यांनी सत्तेचा पट्टा स्वहस्ते त्यांच्या अंगावर चढवला. ब्राझीलच्या सेनापतींनी तर आपल्या प्रत्येक मनमानीला 'संस्थात्मक कायदा' असं नाव आणि क्रमांक दिला. कायद्याचा देखावा टिकवायचा तर न्यायालयाची कचेरी चालू ठेवावी लागते, अर्ज स्वीकारावे लागतात, त्यांवर शिक्के मारावे लागतात. वकिलांना आत शिरायला एवढी फट पुरली.

चिलीचं उदाहरण सर्वांत तपशीलवार हाती आहे. उठावानंतर महिन्याभरातच कॅथलिक, लुथरन, मेथॉडिस्ट आणि ज्यू धर्मसंस्थांनी मिळून एक समिती उभी केली. तिच्या कायदा विभागाचे प्रमुख होते होसे सालाकेत. त्यांना १९७५मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी देशाबाहेर काढण्यात आलं. पिनोचेत यांच्या दबावाखाली समिती बंद करावी लागली, तेव्हा कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेझ यांनी १ जानेवारी १९७६ला तेच काम 'विकारिआ दे ला सोलिदारिदाद' या नावाने थेट आपल्या धर्मप्रांताचा विभाग म्हणून सुरू केलं. समिती बरखास्त करता येते. कॅथलिकबहुल देशात कार्डिनलचं कार्यालय बरखास्त करणं तितकं सोपं नसतं. सांतियागोच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलला लागून असलेल्या त्या इमारतीत रोज सकाळी बायाबापड्यांची रीघ लागे. कुणाचा नवरा नेला, कुणाचा मुलगा. समाजसेविका पहिली जबानी लिहून घेत, मग वकील अर्जाचा मसुदा करत.

त्या अर्जात काय असे? माणसाचं नाव, वय, व्यवसाय, केव्हा, कुठून नेला, नेणारे गणवेशात होते की साध्या कपड्यांत, गाडी कसली होती, कुणी पाहिलं. कायद्याने अशा अर्जाचा निकाल चोवीस तासांत लागायला हवा. प्रत्यक्षात न्यायालय गृहखात्याला पत्र पाठवी आणि उत्तराची वाट पाहत बसे. काही आठवड्यांनी उत्तर येई की या नावाची व्यक्ती अटकेत नाही. तेवढ्यावर अर्ज फेटाळला जाई. गुप्त पोलिसांच्या छळछावणीत जाऊन पाहण्याचे कष्ट न्यायाधीश घेत नसत. मार्च १९७५मध्ये न्यायालयीन वर्षाच्या प्रारंभी उर्रुतिया मान्सानो यांनी जाहीर भाषणात तक्रार केली, ती माणसं गायब होताहेत अशी नव्हती. अर्जांच्या या गर्दीने न्यायालयांच्या कामात व्यत्यय येतो, अशी होती.

मात्र प्रत्येक अर्जाची एक प्रत विकारिआच्या दप्तरात राहत होती आणि गृहखात्याचं उत्तरही. सरकारने एखाद्या माणसाबद्दल १९७४ साली काय सांगितलं आणि १९७६ साली काय, हे शेजारी ठेवून वाचता येऊ लागलं. थापा मारणाऱ्याला स्मरणशक्ती चांगली लागते म्हणतात. इथे ती वकिलांच्या कपाटात तयार होत होती. एका अर्जाने एक माणूस सुटत नव्हता, पण शेकडो अर्ज एकत्र वाचले की कोणत्या गाड्या, कोणती घरं, कोणते अधिकारी पुन्हापुन्हा येतात ते दिसे.

नोव्हेंबर १९७८मध्ये राजधानीजवळच्या लोनकेन गावच्या जुन्या चुनाभट्टीत मानवी अवशेष असल्याची खबर विकारिआकडे आली. कार्डिनलच्या माणसांनी घाई केली नाही. एक सहायक बिशप, ज्येष्ठ वकील माक्सिमो पाचेको आणि दोन संपादक अशांना आधी जागेवर नेलं, त्यांच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली आणि मग थेट सर्वोच्च न्यायालयात तक्रार नोंदवली. अवशेष पंधरा जणांचे निघाले. ऑक्टोबर १९७३मध्ये इस्ला दे माइपो या गावातून पोलिसांनी उचललेली ही माणसं. त्यांत एक बाप आणि त्याचे चार मुलगे होते. चकमकीत मेले ही पोलिसांची कहाणी तपास न्यायाधीश आदोल्फो बान्यादोस यांना पटली नाही. पण आरोपी गणवेशातले असल्याने प्रकरण लष्करी न्यायालयाकडे गेलं आणि तिथे एप्रिल १९७८च्या माफीच्या फर्मानाखाली मिटवण्यात आलं. या फर्मानाने ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातले जवळजवळ सगळे गुन्हे पुसून टाकले होते. म्हणजे निकालाच्या रकान्यात पुन्हा हारच. पण 'बेपत्ता माणसं परदेशात मजा करताहेत' हे सांगणं त्या दिवसानंतर कुणालाच शक्य राहिलं नाही.

या दप्तराची भीती राजवटीला किती वाटत होती, त्याचा पुरावा तिनेच दिला. मार्च १९८५मध्ये तीन कम्युनिस्टांना पळवून त्यांचे गळे चिरण्यात आले. त्यांतले होसे मान्युएल परादा हे विकारिआच्या दस्तऐवज विभागाचे प्रमुख होते. पुढे एक लष्करी सरकारी वकील विकारिआच्या फायली मागत राहिला, संस्थेच्या एका वकिलाला आणि एका डॉक्टरला तुरुंगात जावं लागलं; १९८९मध्ये बिशप सेर्खिओ वालेच यांनी फायली द्यायला साफ नकार दिला. लोकशाही परतल्यावर १९९०-९१मध्ये सत्यशोधन आयोग बसला, तेव्हा त्याच्या टेबलावर तयार सामग्री होती ती याच कपाटांतली. सालाकेत आयोगाचे सदस्य म्हणून परतले होते.

ब्राझीलची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, कारण तिथे दप्तर लष्करानेच तयार केलं. ब्राझीलच्या सेनापतींनी राजकीय विरोधकांवर लष्करी न्यायालयांत रीतसर खटले चालवले. सरकारी वकील, बचावाचे वकील, साक्षी, अपील, सगळं यथासांग. १३ डिसेंबर १९६८च्या पाचव्या संस्थात्मक कायद्याने राजकीय गुन्ह्यांत बंदीप्रत्यक्षीकरण बंद केलं, तरी वकील अर्ज करतच राहिले. सुटका होणार नाही हे ठाऊक होतं. पण अर्जाला उत्तर देताना लष्कराला 'अमुक माणूस आमच्या ताब्यात आहे' असं लिहून द्यावं लागे आणि एकदा लिहून दिलं की त्याला गुपचूप मारून टाकणं अवघड होई. एलेनो फ्रागोसोसारख्या नामांकित फौजदारी वकिलाला १९७०मध्ये घरातून उचलून नेऊनही हे थांबलं नाही.

या खटल्यांत आरोपी कठड्यात उभे राहून सांगत की कबुलीजबाब छळ करून घेतला, कुठे घेतला, कुणी घेतला. न्यायाधीश त्याकडे काणाडोळा करत. कारकून मात्र इमानेइतबारे लिहून घेई. १९७९मध्ये काही वकिलांच्या ध्यानात आलं की अपिलाच्या कामासाठी सर्वोच्च लष्करी न्यायालयातून फायली चोवीस तास बाहेर नेता येतात. मग साओ पावलोचे कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जेम राइट यांच्या आधाराने, जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेच्या पैशांतून, गुपचूप नकला काढण्याचं काम सुरू झालं. फायली यायच्या, झेरॉक्स यंत्रांवर चढायच्या, मुदतीत परत जायच्या. अशा ७०७ खटल्यांची सुमारे १० लाख पानं जमा झाली आणि त्यांच्या मायक्रोफिल्म देशाबाहेर सुखरूप ठेवण्यात आल्या. त्यातून सिद्ध झालेलं 'ब्राझील : पुन्हा कधीच नाही' हे पुस्तक १९८५च्या जुलैमध्ये आलं आणि हातोहात खपलं. छळ करणारे म्हणून नोंदलेल्या ४४४ जणांची यादी काही महिन्यांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. सगळा मजकूर लष्कराच्याच न्यायालयातला, लष्कराच्याच शिक्क्याचा. त्याला खोटं तरी कोण म्हणणार?

इथे एक अपवादात्मक विजयही नोंदवायला हवा. पत्रकार व्लादिमिर हर्झोग १९७५च्या ऑक्टोबरमध्ये लष्कराच्या कोठडीत मेले; आत्महत्या म्हणून जाहीर झालं. त्यांच्या पत्नीच्या वकिलांनी नुकसानभरपाई मागितलीच नाही, फक्त जबाबदारी ठरवा एवढंच मागितलं. ऑक्टोबर १९७८मध्ये, हुकूमशाही चालू असतानाच, एका तरुण न्यायाधीशाने ती सरकारवर ठेवली.

अर्जेंटिनात मात्र ही युक्ती फारशी चालली नाही. २४ मार्च १९७६नंतरच्या राजवटीने खटले चालवण्याची तसदी घेतली नाही. माणसं थेट नाहीशी केली आणि वकिलांनाही त्याच वाटेने पाठवलं. शंभराहून अधिक वकील तिथे बेपत्ता झाले. जुलै १९७७मध्ये मार देल प्लाता शहरात कामगारांचे वकील एकामागोमाग उचलले गेले. त्या रात्रींना पुढे 'टायांची रात्र' असं नाव पडलं. देशाच्या श्रमकराराच्या कायद्याचा मसुदा करणारे नोर्बेर्तो सेंतेनो त्यांत मारले गेले. अर्जावर सही करायला वकील धजेनात, तेव्हा अनेक ठिकाणी मसुदा वकिलाचा आणि सही आईची, अशी वहिवाट पडली. एमिलिओ मिन्योने वकील होते आणि बापही. मे १९७६मध्ये त्यांची मुलगी मोनिका घरातून नेली गेली, ती परतली नाही. १९७९मध्ये त्यांनी इतर काही पालकांसह कायदेशीर आणि सामाजिक अभ्यासांचं केंद्र काढलं आणि एकेकट्या अर्जांऐवजी सगळ्या अर्जांमागची पद्धत मांडायला सुरुवात केली.

राज्यशास्त्रज्ञ अँथनी परेरा यांनी २००५मधल्या आपल्या पुस्तकात या तीन देशांची तुलना करून दाखवलं की लष्कर आणि न्यायव्यवस्था जिथे आधीपासून एकमेकांशी जुळवून घेत होत्या, तिथे दडपशाही न्यायालयातून झाली आणि मृत्यू कमी झाले. ब्राझीलच्या लष्करी न्यायालयांतून निम्म्याच्या आसपास आरोपी सुटलेही. ब्राझीलच्या सत्य आयोगाने नोंदलेले मृत आणि बेपत्ता ४३४. चिलीत हा आकडा तीन हजारांवर. अर्जेंटिनात पहिल्या आयोगानेच जवळपास नऊ हजार बेपत्ता नोंदले आणि मानवी हक्क संघटना तीस हजार म्हणतात. यातून निघणारा निष्कर्ष पचायला जड आहे : ज्या न्यायाधीशांनी लष्कराशी जमवून घेतलं, त्यांच्याच आवारात वकिलांना थोडंफार काम करता आलं. परेरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. पण वकिलाच्या डोक्यावर छप्पर कुणाचं होतं, हा मुद्दा मला तितकाच मोठा वाटतो. चिलीत आणि साओ पावलोत कार्डिनल उभे राहिले. अर्जेंटिनात बहुतेक बिशप सेनापतींच्या बाजूला होते. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या मिन्योने यांनी त्यावर पुढे एक कडवट पुस्तकच लिहिलं.

छपराचं भाडंही द्यावं लागतं, हे मात्र मान्य करायला हवं. विकारिआ रक्तपाताचा आरोप असलेल्यांची वकीलपत्रं घेत नसे. चर्चची अब्रू जपायची तर ते समजण्यासारखं होतं, पण सशस्त्र प्रतिकार केलेल्या माणसाचाही छळ होतोच की. त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं? वॉशिंग्टनमध्ये बॉम्बने उडवलेल्या माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिएर यांच्या बहिणीने, फाबिओला लेतेलिएर यांनी, आणि इतरांनी १९८०मध्ये वेगळी संस्था काढली ती मुख्यतः या प्रश्नापायी. या बाबतीत सगळ्यांच्या आधीचे आणि माझ्या मते सगळ्यांत खणखणीत गृहस्थ म्हणजे ब्राझीलचे सोब्राल पिंतो. रोज चर्चला जाणारे, कट्टर कम्युनिस्टविरोधी. १९३७मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हार्गस यांच्या काळात त्यांनी कम्युनिस्ट नेते प्रेस्तेस आणि त्यांचे जर्मन सहकारी हॅरी बर्जर यांचं काम घेतलं. बर्जरला जिन्याखालच्या कोनाड्यात कोंडून वेड लागेपर्यंत छळलं होतं. माणसांसाठीचे कायदे उपयोगी पडेनात, तेव्हा सोब्राल पिंतो यांनी १९३४चा प्राणिसंरक्षण कायदा पुढे केला : घोड्याला जेवढं संरक्षण आहे, तेवढं तरी माझ्या अशिलाला द्या. १९६४च्या उठावानंतर काही दिवसांतच ते नव्या सत्ताधीशांच्या विरोधात गेले आणि अटकेत पडलेल्या नऊ चिनी नागरिकांची बाजू मांडायला उभे राहिले. १९६८मध्ये पंच्याहत्तरीला त्यांना अटक झाली, आणि १९८४मध्ये नव्वदीत ते रिओमध्ये थेट निवडणुकांच्या मागणीसाठी जमलेल्या लाखोंच्या सभेत बोलले.

आता उलट बाजू. वकील न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्या न्यायालयाला इभ्रत मिळते, हा आक्षेप पोकळ नाही. नायजेरियाच्या गनी फावेहिन्मी यांनी आयुष्यभर लष्करी फर्मानांशी न्यायालयातच झुंज घेतली. 'या फर्मानाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही' असं कलम बहुतेक फर्मानांत असे आणि ते तरीही दाद मागत. संपादक डेले गिवा यांना १९८६मध्ये पार्सल बॉम्बने मारलं गेलं, तेव्हा गुप्तचर खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांवर खासगी फिर्याद करू द्या, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गुन्ह्याविरुद्ध फिर्याद करण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. पण १९९५मध्ये लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या ओगोनी जमातीतल्या साथीदारांना ज्या विशेष न्यायाधिकरणापुढे उभं केलं, त्यात एक लष्करी अधिकारी बसला होता आणि वर अपील नव्हतं. फावेहिन्मी, फेमी फलाना आणि बचावाचे इतर वकील काही काळ लढून बाहेर पडले. १० नोव्हेंबरला नऊ जणांना फाशी झाली. वकील राहिले असते तर ते वाचले असते, असं मला वाटत नाही. राहून दप्तर वाढवायचं की बाहेर पडून सोंग उघडं पाडायचं, याला एकच नियम नाही. जिथे वर दाद मागण्याची पायरीच नाही, तिथे बाहेर पडणं मला सयुक्तिक वाटतं.

पाकिस्तानने न्यायालयांचा भित्रेपणा अगदी कोरीव स्वरूपात दाखवला. वडिलांच्या अटकेविरुद्ध अर्ज करणाऱ्या अस्मा जिलानी तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७२मध्ये लष्करशहा याह्या खान यांना सत्ताबळकावू ठरवलं, पण तोवर याह्या पायउतार झाले होते. १९७७मध्ये जनरल झिया प्रत्यक्ष सत्तेत होते, तेव्हा त्याच न्यायालयाने 'आवश्यकता' म्हणून उठाव पचवला. तरी १९८१मध्ये झियांच्या नव्या शपथेला दोराब पटेल आणि फखरुद्दीन इब्राहिम यांच्यासारख्या न्यायमूर्तींनी नकार देऊन खुर्ची सोडली. अस्मा पुढे अस्मा जहांगीर म्हणून वकील झाल्या, १९८३मध्ये तुरुंगात गेल्या, आणि पाकिस्तानच्या मानवी हक्क आयोगाच्या उभारणीत पटेल यांच्याबरोबर होत्या.

आपल्याकडची आणीबाणी लष्करी नव्हती, पण हा प्रश्न आपल्या दाराशीही येऊन गेला. मुंबईत वकिलांच्या एका सभेवर पोलिसांनी बंदी घातली, ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते उलटवलं. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते, विरोधात एकटे हं. रा. खन्ना. स्थानबद्धांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. ती न्यायालयं स्वतंत्र होती, न्यायाधीशांना गायब होण्याची भीती नव्हती. म्हणून त्या निकालाबद्दल मला चिलीच्या न्यायाधीशांपेक्षा आपल्या न्यायाधीशांचा राग जास्त येतो.

मग या सगळ्या कागदांचं पुढे झालं काय? ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीतली १९७९ची माफी सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये कायम ठेवली; नावं छापली गेली, शिक्षा झाल्या नाहीत. अर्जेंटिनात १९८५मध्येच सेनापतींवर खटला चालून राजवटीचे प्रमुख व्हिदेला यांना जन्मठेप झाली. चिलीत वकिलांनी माफीच्या फर्मानातच तिढा शोधला : प्रेत सापडलेलं नाही, म्हणजे अपहरणाचा गुन्हा अजून चालू आहे, आणि चालू गुन्ह्याला १९७८पर्यंतची माफी कशी लागू होईल? कार्लोस सेर्दा या न्यायाधीशाने १९८६मध्ये माफी लावायला नकार दिला, तेव्हा त्याला दोन महिने अर्ध्या पगारावर निलंबित केलं गेलं. १९९९मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने चालू अपहरणाचा युक्तिवाद उचलला आणि पुढच्या वर्षी पिनोचेत यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं. लोनकेनचा तपास करणारे बान्यादोस यांनीच १९९३मध्ये गुप्त पोलिसांचे प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास यांना लेतेलिएर हत्येबद्दल सात वर्षांची शिक्षा सुनावली होती. पिनोचेत स्वतः २००६मध्ये मेले ते एकाही शिक्षेविना. सप्टेंबर २०१३मध्ये चिलीच्या न्यायाधीश संघटनेने जाहीर माफी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने दोन दिवसांनी आपण कर्तव्यात कसूर केल्याचं मान्य केलं, क्षमेचा शब्द मात्र टाळला.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१च्या उठावानंतर राजकीय कैद्यांचे खटले तुरुंगांच्या आत भरणाऱ्या विशेष न्यायालयांत चालतात. वकिलाला अशिलाशी एकांतात बोलू देत नाहीत, आणि बचाव करणाऱ्या अनेक वकिलांनाच अटक झाली आहे. मार्शल लॉ लावलेल्या नगरांत लष्करी न्यायाधिकरणं मृत्युदंड देतात, तिथे वकीलही नसतो. सातबाऱ्यावर नाव चढवण्याची घाई या सेनापतींनाही आहेच, निवडणुकांचा घाट त्यांनीही घातला. पण नक्कल मिळावी अशी कचेरी त्यांनी जवळजवळ उरू दिलेली नाही. सांतियागो आणि साओ पावलोची पद्धत तिथे कशी लावायची, हे यांगूनच्या वकिलांना अद्याप कुणी सांगू शकलेलं नाही.